माळ्यावरचे चार दिवस

पिपलडांडा
माघ ९, संवत २०५२

मितिनीज्यू,

काल गवत कापताना मनात आलं, तुम्हाला नर्सबाईचा पांढरा कोट कसा दिसत असेल? माझ्या डोळ्यांपुढे अजून ती गुडघे फुटलेली, शेंबडी थापामगरांची मुलगीच येते. माझ्या आईनं तिच्या कपाळाला टीका लावला आणि म्हणाली, आजपासून तुम्ही दोघी मितिनी, जन्माच्या सख्या, आता एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, अगं-तुगं करायचं नाही. आठ वर्षांच्या आपण दोघी पेरूच्या फांदीवर बसून 'तुम्ही आधी खा', 'छे, तुम्हीच घ्या' करायचो आणि खालून सगळा गाव हसायचा. अजूनही तुमची आठवण आली की मला ती फांदीच आठवते.

आता कामाचं लिहिते. धाकटी कोपिला दीड वर्षाची झाली, दूध तोडलं. मला एवढ्यात पुन्हा मूल नको. कधीच नको असंही नाही, पण आधी माझं अंग माझ्याकडे परत यायला हवं. घरातल्या मास्तरांना, कोपिलाच्या बाबांना, विचारलं. ते म्हणाले, "तू आणि तुझी मितिनी काय ते ठरवा, फक्त आमाच्या कानावर जाऊ देऊ नका." आमा म्हणजे आमच्या सासूबाई. दोन नाती झाल्या, आता त्यांना नातू हवाय. तो कधी हवाय हे त्या सांगत नाहीत, पण रोज सकाळी देवापुढे जरा जास्तच वेळ बसतात.

इथल्या आरोग्य चौकीत पुरुष आहे. त्याच्यापुढे माझं तोंड उघडायचं नाही. म्हणून तुम्हाला विचारते. मला असं काही हवं की मूल राहू नये आणि बाकी जे जसं चाललंय ते तसंच चालत राहावं. असं काही असतं का हो?

तुमची,
यामकला

खोरिया बजार
माघ २३

मितिनीज्यू,

शेंबडी म्हणालात, ते लक्षात ठेवलंय. सुई टोचताना वसूल करीन.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी चौकीत देवी टोचायला आणल्यासारखी पोरांची रांग होती, तरी दोनदा वाचलं. माझ्याकडे चित्रांचा मोठा तक्ता आहे, बायकांना पानं उलटून दाखवते. तुमच्यासाठी मनातल्या मनात तो उलटला. गोळ्या रोज खायच्या, पाकीट लपवायचं, आणि तुमच्या सासूबाईंच्या नजरेतून काय सुटणार? दंडाच्या कातडीखाली काड्या बसवतात, त्या तेल लावताना हाताला लागतात. तांबी आत बसवली की वर्षानुवर्षं काळजी नाही, पण पाळीचा त्रास वाढतो. तुमच्या काडीसारख्या अंगाला तो ताप कशाला द्यायचा? तेव्हा तांबीचं पान मी मिटूनच टाकलं.

राहिलं इंजेक्शन. तीन महिन्यांतून एकदा दंडात टोचायचं, कोणाला पत्ता लागत नाही. आणि बहुतेकींची पाळीच बंद होते. म्हणजे तर सोन्याहून पिवळं! तुम्हा बाहुन बामणांच्या घरी त्या दिवसांत बायकांचं काय होतं ते मी लहानपणी पाहिलंय. तुमची आई अंगणाच्या कडेला बसायची आणि तुमची आजी तिच्या ताटात वरून भात टाकायची, हात लागू नये म्हणून. आम्हा मगरांच्या घरी असलं काही नव्हतं. मी घरी जाऊन रडायची. मितिनीज्यू, ते सगळं तुमचं एका सुईनं सुटेल.

शिवरात्रीला माहेरी येणारच आहात. दोन पावलं खाली उतरून चौकीत या.

तुमची,
धनसरी

पिपलडांडा
जेठ १९, २०५३

मितिनीज्यू,

शिवरात्रीला तुम्ही किती छान समजावून सांगितलंत! कोट शोभतो तुम्हाला. मला तेव्हा एक विचारायचं होतं. पण बाहेर तिघीजणी ताटकळत होत्या, तुमचं बोट तक्त्यावर भराभर फिरत होतं, आणि मला वाटलं, आपलं काय एवढं.

तुम्ही दिलेली चिठ्ठी इथल्या माणसाला दाखवून परवा दुसरी सुई घेतली. त्यानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालंय. फागुनापासून पाळी नाही. घरात सगळे खूष आहेत. मास्तर खूष, आमा तर फारच खूष.

इथे हल्ली दुपारी खोऱ्यातून धुकं वर येतं आणि अंगणातच थांबतं. मी भात उकळत ठेवून दारातून बघत राहते. मला पूर्वी एक स्वप्न पडायचं. खालची नदी उलटी वाहायला लागायची, डोंगर चढून आमच्या दारापर्यंत यायची, आणि तिच्या काठावर माझी आई बसलेली असायची. गेल्यावर जशी दिसली तशी नाही, तरुणपणीची. मला पुढ्यात घेऊन ती केस विंचरायची. विंचरून संपायचेच नाहीत, एवढे लांब केस असायचे माझे. ती काही बोलायची नाही. मला जाग यायची तेव्हा डोकं हलकं झालेलं असायचं.

फागुनापासून ते स्वप्न पडलं नाही. दुसरंही कुठलं नाही. पडले की सकाळ होते. या सुईनं असं होतं का? आणि सुई थांबवली तर पाळी किती दिवसांनी परत येते? सहज विचारते.

तुमची,
यामकला

खोरिया बजार
असार ६

मितिनीज्यू,

स्वप्नाचं उत्तर लिहायला घेतलं होतं, आमच्या शिक्षणात स्वप्नांचा धडा नव्हता असं काहीतरी चेष्टेचं. ते आता राहू दे.

आज तुमच्या बाजूचा तेलवाला खेचरं घेऊन बाजारात आला होता. चौकीच्या पायरीवर बसून सांगत होता की मास्तरांच्या घरी यंदा नातू येणार, म्हातारीनं तूप साठवायला घेतलंय, देवीला बोकड बोलली आहे. मी दुसऱ्या बाईच्या पोराला औषध देत होते, ते अर्धं सांडलं.

सुई उशिरा घेतलीत का? की फागुनात माझंच काही चुकलं? तुम्ही मागच्या पत्रात एवढं सगळं लिहिलंत, नदी आणि केस, आणि हेच लिहिलं नाहीत! खरं काय ते कळवा. मी रागावणार नाही. तुम्हाला मूल हवंसं झालं असेल तर मी स्वतः बाळंतपणाला येईन, आणि नको असताना राहिलं असेल तर तोंड कसं दाखवू ते मला माहीत नाही. पण लवकर लिहा. मला जेवण गोड लागत नाही.

तुमची,
धनसरी

पिपलडांडा
असार १८

मितिनीज्यू,

मूल नाही. आधी जेवून घ्या, मग पुढचं वाचा.

तुमची सुई चुकली नाही. चुकलं ते वेगळंच. आमच्या घरात बाईच्या पोटात काय आहे ते विचारत नाहीत, ती कुठे बसते ते बघतात. महिन्याचे चार दिवस मी चुलीपाशी नसते, पाण्याच्या घागरीपाशी नसते. ती चार दिवसांची जागा फागुनापासून रिकामी आहे. आमांनी बोटं मोजली. त्यात सुईनं माझे गालही भरलेत. एक दिवस जेवताना त्यांनी गुपचूप माझ्या भातावर तुपाचा चमचा उलटा केला. मग रोज. मग शेजारची काकी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. मास्तर मूग गिळून बसलेत. जेवताना समोर वर्तमानपत्र धरतात, तेही मागच्या महिन्यातलं.

मी सांगू शकले असते. पण तूप वाढताना आमांचा चेहरा इतका मऊ झालेला असतो! लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्याकडे बघताना तो तसा कधी झाला नव्हता. मी तूप खाल्लं. खाताना मला माझीच लाज वाटते आणि तरी मी खाते.

आता जे शिवरात्रीला सांगायचं होतं ते सांगते. हसू नका.

आमच्या अंगणापलीकडे गवताची खोप आहे, तिला वर माळा आहे. ते चार दिवस माझी राहायची जागा ती. दिवसा गवताला जावंच लागतं, ते काही सुटत नाही. पण चूल नाही, पाणी नाही, देवाचं काही नाही, आल्यागेल्याचा चहा नाही. दुपारी शिडी चढून वर जाते. फळीच्या फटीतून उन्हाची एक रेघ येते, ती गवतावरून हळूहळू सरकते आणि मी तिच्याकडे बघत पडते. खालून माझ्या नावाची हाक येत नाही. मुली आमांकडे. मास्तरांनी शिवायचं नाही. मितिनीज्यू, चार दिवस माझ्या अंगाला कोणाचा हात लागत नाही. कोणी काही मागत नाही. मी झोपते. ते आईचं स्वप्न तिथेच पडायचं, दुपारी, त्या रेघेखाली. दुसरीकडे कुठे कधी पडलंच नाही.

तुम्ही माझ्या आईला वरून टाकलेला भात पाहिलात. तो अपमान आहे, मला कळत नाही असं नका समजू. मलाही तसाच भात मिळतो, तोही कधी गार. पण तुम्ही तो भात बघता आणि मी ती झोप बघते. उद्या कोणी मला म्हणालं की तू शिवाशिव न पाळता, चुलीपाशी बसूनही महिन्याचे चार दिवस तुझे घे, तर मी ही चाल माझ्या हातानं नदीत सोडून येईन. पण तसं कोणी म्हणत नाही. मला सगळ्या वर्षात मिळणारं हे एवढंच आहे, आणि ते आपण दोघींनी मिळून एका सुईनं बंद केलं.

मूल नकोच आहे. म्हणून दुसरी सुईही घेतली. पण माझे दिवस मला परत हवेत. दोन्ही मिळतं का हो कुठे?

तुमची,
यामकला

खोरिया बजार
साउन २

मितिनीज्यू,

पत्र वाचून आधी संतापच आला. तुमच्यावर, तुमच्या घरावर, त्या माळ्यावर. मी गावोगाव या चालीविरुद्ध घसा कोरडा करते, पुढच्या खोऱ्यात अशाच खोपीत एक पोर साप चावून गेली, आणि माझीच मितिनी म्हणते मला माझी खोप परत द्या! दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग तिसऱ्यांदा वाचलं आणि तुमच्या माघाच्या पत्रातलं ते वाक्य शोधून काढलं, 'बाकी जे जसं चाललंय ते तसंच चालत राहावं.' तुम्ही तर पहिल्याच पत्रात मागितलं होतं. मी तक्ता उलटत बसले.

तर काल एक बाई आली. तक्ता भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी तिच्याकडे पैसे मागितले. मग म्हणाली, "असं काही द्या की नवऱ्याला वाटावं, त्यानंच ठरवलं." दुसरी म्हणाली, "काही नको, आधी जरा बसू द्या, चढ चढून आले, आणि मी बोलत असताना लिहू नका." मी पेन खाली ठेवलं. ती बोलत राहिली, बोलत राहिली, आणि शेवटी जे तिनं मागितलं ते मी तिच्यासाठी मनात ठरवलं होतं त्याच्या अगदी उलट निघालं. रांग दारापर्यंत गेली, वरचे साहेब डाफरले. डाफरू देत.

आता तुमचं. ते मिटलेलं पान उघडते. तांबीनं मूल राहत नाही आणि पाळी जात नाही. उलट वाढते. रक्त जास्त जातं, कळा येतात, पहिले काही महिने तर जास्तच. दिवसही वाढतात. चाराचे पाच होतात, कधी सहा. आम्ही हे सगळं तोट्यांच्या बाजूला लिहितो. तुम्ही कुठल्या बाजूला लिहाल ते तुम्ही बघा. बसवण्याआधी तुमचं रक्त तपासीन, आणि लोहाच्या गोळ्या आणि पालेभाजी खाईन असं वचन घेईन. काढून हवी असेल त्या दिवशी काढून देईन, का म्हणून विचारणार नाही. पाळी परत यायला मात्र वेळ लागेल, सुईचा अंमल हळूहळू उतरतो. किती, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

आणि माळ्यावर चढताना आधी काठी आपटा. गवतात साप असतो. हे मी नर्स म्हणून नाही, तुमची मितिनी म्हणून सांगते.

आमांना खरं सांगा. बोकड मोठा व्हायच्या आत.

तुमची,
धनसरी

पिपलडांडा
साउन १५

मितिनीज्यू,

पाच? कधी सहा?

हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत!

तीजेच्या सणाला माहेरी येते. तेच बसवा.

यामकला

खोरिया बजार
मंसिर ४

मितिनीज्यू, आली का?

धनसरी

पिपलडांडा
मंसिर १६

अजून नाही. माळ्यावर उंदरांनी बिऱ्हाड थाटलंय.

यामकला

पिपलडांडा
माघ २०

मितिनीज्यू,

हे पत्र मी माळ्यावरून लिहितेय. कळलं ना?

पण आधी आमांचं सांगते, तुम्ही प्रत्येक निरोपात विचारत होतात आणि मला लिहवत नव्हतं. तीजेहून आले त्याच आठवड्यात सांगितलं. आमा ताक घुसळत होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आमा, पोटात काही नाही."

रवी थांबली नाही. "पडलं?"

"नव्हतंच." मग सुईचं सांगितलं, आणि आता तांबी बसवली तेही.

"माझ्या पोराला माहीत होतं?"

"होतं."

"तरीच मेला कागदात तोंड खुपसून जेवायचा." मग रवी थांबली. "मी तुझ्या पानात तूप वाढत होते गं."

मितिनीज्यू, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी लोण्याचा गोळा काढला, भांडं धुतलं आणि उठून गेल्या. तिहाराचे दिवे लागेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते थोरलीकडून, "बिनू, तुझ्या आईला म्हणावं मीठ संपलंय," आणि मी तिथेच दोन हातांवर बसलेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच देवीला जाऊन आल्या. आल्यावर ओसरीवर टेकल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवीला सांगून आले. बोकड तुझाच, पण नातवाला उशीर आहे. तिचं काय, तिला थांबायला सवड आहे. मला नाही."

मला त्यांची फार दया आली. खरंच आली. त्यांना हवंय ते देणं माझ्या हातात होतं आणि मी दिलं नाही, आणि देणारही नाही, निदान माझ्या मनात येईपर्यंत. मी तसंच सांगितलं, "आमा, जेव्हा मला वाटेल तेव्हा पहिलं तुम्हाला सांगेन." त्या म्हणाल्या, "सांग बाई. निदान मला बोटं तरी मोजायला लावू नकोस."

मग वाट बघणं. कार्तिक गेला, मंसिर गेला. तुमची ती चार शब्दांची पत्रं मी मास्तरांना वाचू दिली नाहीत. पुसात एक दिवस पाठ दुखायला लागली आणि मला इतका आनंद झाला की मी लाकडं तोडता तोडता गाणं म्हणायला लागले. पण तेव्हा नुसताच डाग पडला नि गेला. आणि गेल्या आठवड्यात आली. चांगली आली, तुम्ही सांगितल्यासारखी, कळा घेऊन. पहिले दोन दिवस पोट धरूनच पडले होते, तुम्हाला शिव्याही दिल्या, आदरार्थी. गोळ्या खातेय. काठीही आपटते.

उंदरांना हाकललं. नवं गवत पसरलं. थंडी आहे, म्हणून आमांनी बिनूच्या हाती जुनं घोंगडं पाठवलं, शिडीच्या खाली ठेवून ती पळाली. भात वरूनच मिळतो, तो काही बदलला नाही. पण गरम असतो. का ते मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी झोपले. दुसऱ्या दिवशी झोपले. तिसऱ्या दिवशी झोप संपली म्हणून नुसतीच पडून राहिले, आणि धुकं फटींतून आत आलं. मी कुठे आहे, किती वर्षांची आहे, कोणाची कोण आहे, काही वेळ मला काहीच आठवेना. भीती वाटली नाही. खाली कोपिला हसत होती, आणि ते हसणं मला आवडलं, पण त्यासाठी उठावंसं वाटलं नाही. एवढं मला पुरे होतं.

आज सहावा दिवस. मघाशी आमा अंगण ओलांडून आल्या. सकाळपासून चूल, गुरं, दोन्ही पोरी एकटीनं बघून दमल्या होत्या, आवाजावरून कळत होतं. शिडीखाली उभ्या राहून त्यांनी विचारलं, "झालं का गं?"

मितिनीज्यू, तुमच्यापासून काय लपवायचं? काल संध्याकाळीच थांबलं होतं. सकाळी उठून न्हायला हवं होतं.

"नाही आमा," मी म्हणाले. "अजून नाही."

त्यांनी शिडीला टेकून पदरानं तोंड पुसलं. वर बघितलं नाही. मग म्हणाल्या, "बरं. झोप मग," आणि कोपिलाला कडेवर घेऊन घरात गेल्या.

तुमची,
यामकला